मुक्ताबाईचं नाक आन् तीन किल्लीवाले

केंदूरच्या मुक्ताबाईनं एकदा शिरूरच्या स्टँडवर कांदाभजी घेतली. भजी सपत आली, तसे तेलकट कागदातनं बापूसाहेब तिच्याकडं बघायला लागले. बापूसाहेब म्हंजी गावच्या सोसायटीचे जुने चेरमन. त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स व्हती ती. फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, समदं तेलात चकाकत व्हतं. एवढा मोठा माणूस, गावात कुणाला आपलं वय सांगत न्हाई, मिशीला सुदिक काळा रंग लावतो, आन् हितं भज्याच्या खाली पालथा पडलाय.

मुक्ताबाईला आदी हसू आलं. मंग तिला आपल्या झेरॉक्सा आठवल्या. ग्यासवाल्याला दिली, सिमकार्डाला दिली, बियाणाच्या दुकानात दिली. साडीच्या दुकानात बी एकदा मागितली व्हती, लकी ड्रॉ हाय म्हणून. त्यो ड्रॉ कुणाला लागला ते आजवर कळलं न्हाई, पर मुक्ताबाईची जन्मतारीख त्या दुकानदाराला फुकटात लागली.

आता आधार कार्डाचं तिला येवढं काय वाटत नव्हतं. त्यातल्या फोटोवरनं तिला तिच्या आईनं बी वळखलं नसतं. पर तिच्याकडं अजून एक कागद व्हता, आन् त्यो जर असा कुणाच्या भज्याखाली गेला असता तर तिचा समदा कारभार बुडाला असता. त्यो व्हता तिच्या नाकाचा कागद.

मुक्ताबाई म्हंजी आचारीण. लगीन असो, जावळ असो, जत्रा असो, केंदूरपासनं पार खाली भांडगावपातुर तिच्या येसूर आमटीला बोलावणं. येसूर म्हंजी धान्यं-डाळी आन् गरम मसाला भाजून दळलेलं पीठ, त्याची दाटसर आमटी. ती अशी करायची, की जेवणारी माणसं नवऱ्या मुलीचं नाव इसरायची, पर आमटी कुणाची ते इचारून जायची. आन् या बाईला गेल्या दोन सालापास्नं कसलाच वास येत नव्हता. ना फोडणीचा, ना फुलाचा, ना गोठ्याचा. खारट कळायचं, आंबट कळायचं, तिखट तर कळायचंच, पर वास म्हंजी ठार बंद. मोहरी तडतडली का ते ती कानानं ऐकायची, मसाला भाजला का ते रंगावरनं बघायची, आन् लवंग-दगडफूल मूठ-मूठ जास्तच टाकायची, म्हंजी निदान घशाला तरी काय लागंल. माणसं म्हणायची, मुक्ताबाईच्या आमटीला काय झणका आलाय अलीकडं. ती आपली मान खाली घालून हसायची. गाव म्हणायचं, केवढी नम्र बाई.

हे तिनं मालकाला बी सांगितलं नव्हतं. मालक भला माणूस, पर त्यांच्या कानात सकाळी टाकलेलं दुपारी पानाच्या टपरीवर निघायचं. आजार दाखवायला शिरूरला जावं तर तिथं अर्धं केंदूर औषधाच्या दुकानाम्होरं उभं. म्हणून ती सरळ दौंडला गेली. तिथं रेल्वे कॉलनीत दयाबाई राहायची. पयल्यांदा रेल्वेच्या दवाखान्यात आया व्हती, आता पेन्शनीत निघालेली, चर्चला जाणारी, तोंडानं गच्च बाई. मुक्ताबाईनं तिच्या पुतण्याच्या लग्नात सैपाक केला व्हता, तवापास्नंची वळख. दयाबाईनं तिला एका फुकटच्या शिबिरात नेलं. तिथं गाडीतल्या मशीनवर नाकाचा फोटो काढला. डाक्टर म्हणाले, आत मांस वाढलंय, ऑपरेशन केलं तर वास परत येईल. पुण्याचे मोठे डाक्टर पावसाळ्यानंतर दौंडला येणार, तवा नाकाचा फोटो छापलेला हाच कागद घेऊन यायचं. न्हाई आणला तर मंग म्होरल्या सालच्या शिबिराची वाट बघायची.

असा त्यो कागद. मुक्ताबाईनं त्यो कुठं ठेवला न्हाई? पिठाच्या डब्यात ठेवला, उशीत ठेवला, देवाच्या फोटोमागं ठेवला. घरात माणसं चार, पर त्या कागदाला बसायला जागा मिळंना.

आन् तवाच मोनाली आली. शिरूरची पोरगी, कुठल्याशा संस्थेत कामाला, गळ्यात पट्टा, हातात टॅब. बचत गटाच्या बायकांना गोळा करून तिनं सांगितलं, की आता तुमची माहिती तुमच्याच हातात ऱ्हाणार. ना सरकारच्या कपाटात, ना कंपनीच्या, ना बँकेच्या. समदे कागद तुमच्या मोबाईलमधी, कुलपात. ज्याला दाखवायचं त्याला दाखवा, जेवढं दाखवायचं तेवढंच दाखवा. वय इचारलं तर निस्तं वय दाखवा, पत्ता झाकून ठेवा. बायका माना हलवत व्हत्या. निम्म्या जणी वय झाकता येतं का तेवढंच इचारत व्हत्या.

मुक्ताबाईला ते मनापास्नं पटलं. तिनं कागदाचा फोटो काढून मोबाईलमधी घातला. मोनाली म्हणाली, आता कागद घरात ठेवू नका, कागद कुणी बी वाचतं. मुक्ताबाईनं लगीच त्यो चुलीत घातला. शिकलेल्या माणसाचं तिनं एवढं तंतोतंत पयल्यांदाच ऐकलं व्हतं.

चवथीपातुरची शाळा तिची, अक्षरं तवाच पुसून गेलेली. म्हणून मोनालीनं तिचा मोबाईल बोलका करून दिला. जे उघडंल ते त्यो वाचून दाखवायचा. आन् मांडवात भांड्यांचा दणदणाट असतो, म्हणून मुक्ताबाईनं आवाज पार शेवटाला नेऊन ठेवला.

ऱ्हायली एक गोष्ट. मोबाईल हरवला तर? मोनाली म्हणाली, "मावशी, तुमच्या भरवशाची तीन माणसं सांगा. किल्लीचा एकेक तुकडा एकेकाच्या मोबाईलवर ऱ्हाईल. एकट्याला काय उघडता येणार न्हाई. दोघं एका जागी बसले, तरच नव्या मोबाईलमधी कुलूप उघडंल."

दुसरी बाई असती तर तिनं भाऊ, लेक आन् मैतरीण सांगितली असती. मुक्ताबाई घरी जाऊन इचार करत बसली. भरवशाची माणसं म्हंजी एकमेकांशी बोलणारी माणसं. एकमेकांशी बोलणारी माणसं म्हंजी दोघं कवा बी एका जागी बसणार, आन् बसले की उघडणार. मंग कसलं आलंय कुलूप? दुसऱ्या दिवशी तिनं मोनालीला नावं सांगितली: साखरबाई, मच्छिंद्र आन् बापूसाहेब. यातलं कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

साखरबाई तिची थोरली जाऊ. एकेकाळी पंचक्रोशीतली आचारीण तीच. मुक्ताबाई तिच्याच हाताखाली शिकली, आन् मंग बोलावणी मुक्ताबाईला यायला लागली. तवापास्नं साखरबाई तिच्याशी बोलायची, पर टोमण्यातच. मच्छिंद्र मांडववाला. त्यानं साखरबाईच्या लेकीच्या लग्नाला मांडव घातला, पर कमान आदल्या दिवशीच्या लग्नातली तशीच आणून उभी केली. वऱ्हाड आलं तर कमानीवर दुसऱ्याच नवरा-नवरीची नावं. नवरदेव दारातनं परत चालला व्हता, त्याला वाटलं गाव चुकलं. तवापास्नं साखरबाई आन् मच्छिंद्र एकमेकांकडं बघत सुदिक न्हाईत. आन् बापूसाहेबांशी तर सोसायटीच्या निवडणुकीपास्नं दोघांचं बी वाकडं.

मोनालीनं इचारलं, मावशी, ही भरवशाची हायेत ना? मुक्ताबाई म्हणाली, ह्यांच्यायेवढा भरवसा मला देवाचा बी न्हाई.

तिघांना बी वाटलं, मुक्तानं आपल्याला मोठा मान दिला. दुसरे दोघं कोण ते काय तिनं सांगितलं न्हाई.

समदं येवस्थित चाललं व्हतं, पर दसऱ्याच्या सुमाराला एका साखरपुड्यात मुक्ताबाई लाकडाच्या भट्टीवर वाकली, आन् कमरेला खोचलेला मोबाईल भट्टीत गेला. तिला पत्ताच न्हाई. प्लास्टिक जळाया लागलं. वाढपी नाकं धरून पळाले, पाव्हणे खोकाया लागले, मच्छिंद्र मांडवाच्या दोऱ्या सोडून धावत आला. आन् मुक्ताबाई भट्टीम्होरं बसून शांतपणे आमटी ढवळतीय. मच्छिंद्र म्हणाला, वहिनी, काय तरी जळतंय, वास येत न्हाई का? तिनं सांगितलं, आमच्या जिंदगानीला धूरच धूर, आमाला काय त्याचं. मच्छिंद्र तिच्या तोंडाकडं जरा जास्तच बघून गेला.

राखेतनं जळालेला मोबाईल निघाला, तवा मुक्ताबाईला कळलं काय जळत व्हतं ते. तेवढ्यात दयाबाईचा निरोप, की डाक्टर म्होरल्या आठवड्यात येतायत. नवा मोबाईल आणला, जुनाच नंबर घेतला, मोनालीनं पयल्यावानीच त्यो बोलका करून दिला. आता दोन किल्लीवाले पायजेत. बापूसाहेब लेकाकडं परदेशात गेलेले, त्यांचा हिकडचा मोबाईल कपाटात बंद पडलेला. ऱ्हायले दोघं. साखरबाई आन् मच्छिंद्र. मुक्ताबाईनं कुलूप असं पक्कं केलं व्हतं, की आता ते तिलाच उघडंना.

दोघांना तिनं येगयेगळं सांगून अंगणात बोलावलं. साखरबाई येऊन ओट्यावर बसली. मच्छिंद्र टेम्पो घेऊन आला, ओट्यावर साखरबाई दिसली तसा खाली उतरलाच न्हाई. टेम्पोच्या पायरीवर पाठ करून बसला. मुक्ताबाईनं सांगितलं, सरकारी कागद हाय, लई निकडीचा हाय, हात जोडते.

आता त्या कुलपाची रीत अशी, की एकाच्या मोबाईलवर आकडा येणार, त्यो त्यानं दुसऱ्याला सांगायचा, आन् दुसऱ्यानं आपल्या मोबाईलमधी टाकायचा. जरा येळ झाला, की आकडा जाऊन नवा येणार. ज्यानं कुणी ही रीत काढली, त्याच्या गावात बहुतेक समदी एकमेकांशी बोलत असणार.

आकडा साखरबाईच्या मोबाईलवर आला. ती ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्याकडं तोंड करून म्हणाली, "पातेल्या, सांग त्या माणसाला. सात, दोन."

मच्छिंद्र टेम्पोच्या चाकाला म्हणाला, "पातेल्याचा आवाज बारीक हाय."

तवर आकडा गेला, नवा आला. साखरबाईनं त्यो बी पातेल्याला सांगितला. मच्छिंद्रनं टाकला, त्यो चुकला. मोबाईल भुंकल्यावानी वाजला.

"कमानीवर नावं लिवताना बी असंच ऐकलं असंल," साखरबाई पातेल्याला म्हणाली.

मच्छिंद्र चाकाला म्हणाला, की नावं बरोबरच व्हती, लगीन चुकलं व्हतं. मुक्ताबाईनं मधी पडून दोघांना च्या देते, साखर जास्त घालते, असं काय बाय सांगितलं. तिसऱ्या बारीला साखरबाईनं पातेल्यात तोंड घालून एकेक आकडा असा वरडून सांगितला, की पातेलं घुमलं. मच्छिंद्रनं बोटं आपटली. कुलूप उघडलं.

आन् मुक्ताबाईच्या नव्या मोबाईलनं, शेवटाला नेलेल्या आवाजात, अंगणभर वाचून दाखवलं:

"रुग्णाचं नाव मुक्ताबाई. तक्रार, दोन वर्षांपासून वास येत नाही. तपासणीत वासाची जाणीव शून्य."

बंद करायला मुक्ताबाईनं त्याच्यावर हात ठेवला, पदर टाकला, शेवटी त्याच्यावर बसली. त्यो खालनं बी वाचतच व्हता, वय, गाव, तालुका, जिल्हा, समदं. येवढं स्पष्ट तर शाळेत कुणी धडा वाचला नसंल.

मच्छिंद्रनं पयल्यांदाच मान वळवून साखरबाईकडं बघितलं. साखरबाई उठली. च्या तसाच ठेवला. मुक्ताबाई उठून उभी ऱ्हाईस्तवर ती चवथ्या घराच्या दारात पोचली बी व्हती.

मोनालीला हे कळलं तशी ती धावत आली. तिनं समदं तपासलं आन् सांगितलं, "मावशी, सुरक्षेत कुठंच चूक झालेली न्हाई. निस्ता आवाज कमी करायला पायजे व्हता." मुक्ताबाई म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मी उगाच काळजी करत व्हते.

पर काळजी काय जाईना. म्होरं भांडगावचं मोठं लगीन तिच्याकडं व्हतं. वास न येणारी आचारीण कोण ठेवणार? पंचक्रोशी म्हणंल, इतकी सालं ही आपल्याला न हुंगता खाऊ घालत व्हती. दाराला कडी लावून ती बसली, कोण कवा येऊन तोंडावर इचारतंय त्याची वाट बघत.

कुणी आलंच न्हाई. साखरबाईनं तर गावात एक दार सोडलं नव्हतं. गिरणीत सांगितलं, दळण सांडेस्तवर सांगितलं. दूध डेअरीवर सांगितलं. देवळाच्या पायरीवर सांगितलं. आन् गावानं काय करावं? गावानं तिच्या पाठीवर हात फिरवला. गिरणीवाली म्हणाली, "थोरल्या बाई, तुमचं दुखणं आमाला कळतंय. पर धाकट्या जावेवर इतकं जळू ने." डेअरीवर तर एकीनं साखरबाईला दवाखान्यात दाखवायचा सल्ला दिला. ती जितक्या शपथा घ्यायची, तितकी माणसं आपापसात बघून हसायची. तिनं सांगितलं, मच्छिंद्रला इचारा, त्यो बी व्हता. गाव मच्छिंद्रकडं गेलं. मच्छिंद्र म्हणाला, मला काय ऐकू आलं न्हाई, टेम्पो चालू व्हता. त्याचे आख्ख्या सीजनचे मांडव मुक्ताबाईच्या सैपाकाला बांधलेले व्हते. त्या अंगणात टेम्पो बंद व्हता, पर कमानवाल्या माणसाला कुणी तेवढं बारीक इचारत न्हाई.

मुक्ताबाईनं कडी काढली. मोबाईलच्या कुलपानं जे जमवलं न्हाई, ते साखरबाईच्या तोंडानं जमवलं व्हतं. गुपित आता गावात समद्यांना ठावं व्हतं, आन् खरं कुणालाच वाटत नव्हतं.

दौंडला ऑपरेशन झालं. दयाबाईच्या घरी ती नाकात बोळे घालून पडून ऱ्हायली. घरी सांगितलं व्हतं, दौंडला बारशाचा सैपाक हाय. मालकांनी टपरीवर तेच सांगितलं, आन् गावानं इश्वास ठेवला. बोळे काढून ती यष्टीनं शिरूरकडं निघाली. आन् वाटंत एका साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात असा घुसला, की तिच्या डोळ्याला पाणी आलं. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून कारखान्याला शिव्या देत व्हती. मुक्ताबाई खिडकी अजून उघडायला बघत व्हती.

घरी येऊन तिनं पयला येसुराचा डबा उघडला, आन् झाकण हातातनं पडलं. लवंग आन् दगडफूल डोक्यात गेलं. हे मी माणसांना घालत व्हते? हे खाऊन माणसं जिती कशी ऱ्हायली? तिनं नवा येसूर केला, बेतानं, हुंगून हुंगून, जसा पयल्यांदा करायची तसा. तोच घेऊन ती भांडगावच्या लग्नाला गेली.

पंगत बसली. पयला घास झाला, आन् माणसं एकमेकांकडं बघाया लागली. आमटीत काय दम न्हाई आज. कुणी मीठ मागितलं, कुणी कांदा. कोपऱ्यात केंदूरची दोन माणसं कुजबुजली, की साखरबाई म्हणत व्हती ते खरंच असंल, हिला वासच येत न्हाई. बघता बघता पंगतीच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर ते पोचलं.

मुक्ताबाईच्या कानावर बी ते आलं. दोन साल जी गोष्ट लपवली, ती आता खरी उरली नव्हती, आन् आताच माणसांना पटत व्हती. तिनं मोबाईल काढला आन् ऑपरेशननंतरचा नवा कागद उघडला. मोबाईलनं मांडवभर ठणकावून वाचलं, "नाक मोकळं. वासाची जाणीव पूर्ववत." भर पंगतीत तिनं त्यो कागद दोनदा वाचून दाखवला. आपल्या मर्जीनं, फुकटात, कुलूप सताड उघडून.

नवऱ्या मुलीचे आबा म्हणाले, "बाई, फोन काय, जे घालाल ते वाचंल. आमटी काय म्हणतीय ते आमी ऐकतोय."

म्होरच्या जत्रंला केंदूरात तिचाच सैपाक आदीपास्नं ठरलेला व्हता. भट्टी पेटली. मुक्ताबाईनं चिंधीचे बोळे करून दोन्ही नाकपुड्या गच्च बंद केल्या, वरनं पदर बांधला, धुरानं त्रास व्हतो म्हणून सांगितलं, आन् डोळे मिटून मूठ-मूठ लवंग-दगडफूल टाकलं. पंगतीत माणसं पार खाली वाकून भुरके मारत व्हती. गेली व्हती ती चव परत आली, म्हणत व्हती. मच्छिंद्र तीनदा आमटी घेऊन गेला.

साखरबाई बी आली व्हती. वाटी दुसऱ्यांदा म्होरं करत शेजारणीला म्हणाली, "मी सांगते तुला, हिला वास येत न्हाई." शेजारीण म्हणाली, जेवा थोरल्या बाई, जेवताना तरी असलं बोलू ने.

मोनाली बी जत्रंला आलेली. तिनं मुक्ताबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की झाल्या प्रकारानंतर किल्लीवाले बदलायला पायजेत, निदान साखरबाईचं नाव तरी काढा. मुक्ताबाईनं नाकावरचा पदर वाईच सैल केला, पंगतीकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे तिचं नाव," ती म्हणाली. "आन् तिला अजून वाईच आमटी वाढ."